पेडणे ते बांबोळी: घोळणा फुटणाऱ्या मुलाला नेताना

पेडण्याहून म्हापसा, म्हापशाहून पणजी, आणि पणजीच्या कदंबा स्टँडवरून मडगावच्या वाटेची बस धरून बांबोळीला गोमेकॉ, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजचं इस्पितळ. शटल, म्हणजे विनाथांबा बस, बांबोळीला थांबेलच असं नाही. चढण्याआधी कंडक्टरला विचारा. वाट सोपी आहे, उशीर होतो तो घरात. घोळणा फुटला की 'उष्णता' म्हणायचं आणि कोकम सरबत पाजत राहायचं.

दहा ते वीस वर्षांचा मुलगा, बहुधा एकाच नाकपुडीतून वारंवार रक्त, दुखणं नाही आणि तीच बाजू चोंदलेली, एवढं जुळलं की अँजिओफायब्रोमाची, म्हणजे नाकाच्या मागच्या भागात वाढणाऱ्या रक्तवाहिन्यांच्या गाठीची, शंका घ्यायलाच हवी. गाठ कर्करोगाची नसते. पण तिच्या रक्तवाहिन्यांना आकुंचन पावणारा स्नायूंचा थर धड नसतो, म्हणून रक्त लवकर थांबत नाही. वाटेत रक्त आलं तर मुलाला बसवून पुढे वाकवा आणि नाकाचा मऊ भाग सलग दहा-पंधरा मिनिटं दाबून धरा. थांबलं का ते बघायला मध्येच सोडू नका. मान मागे टाकली तर रक्त पोटात जाऊन उलटी होते. ॲस्पिरिन, आयबुप्रोफेन डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको.

नाकात घातलेल्या दुर्बिणीत गुळगुळीत तांबूस गाठ दिसली आणि ओपीडीतच कोणी तुकडा काढायला निघालं, तर स्पष्ट नाही म्हणा. रक्तस्राव आवरत नाही, आणि निदान बहुतेक वेळा स्कॅनवरच होतं. सीटीत गालाच्या सायनसची, म्हणजे हाडातल्या पोकळीची, मागची भिंत पुढे फुगलेली दिसते. गाठ डोळ्याकडे किंवा कवटीत किती शिरली ते एमआरआय सांगतो. स्कॅनवेळी शिरेतून देतात त्या कॉन्ट्रास्ट औषधासाठी क्रिएटिनिनचा, म्हणजे मूत्रपिंडाच्या तपासणीचा, रिपोर्ट जवळ ठेवा. स्कॅनची सीडी मागून घ्या. सर्जनला नुसता कागद पुरत नाही.

मोठ्या गाठीत एम्बोलायझेशन आधी करतात. जांघेतून नळी घालून गाठीला रक्त पुरवणाऱ्या वाहिन्या बारीक कणांनी बुजवतात. शस्त्रक्रिया त्यानंतर साधारण 24 ते 72 तासांत व्हावी, कारण उशीर झाला तर दुसऱ्या वाहिन्यांतून रक्त पुन्हा सुरू होतं. म्हणून शस्त्रक्रियेची तारीख पक्की झाल्यावरच एम्बोलायझेशनची तारीख घ्या. कण भलत्या वाहिनीत गेले तर दृष्टी जाऊ शकते, पक्षाघातही होऊ शकतो. हे क्वचितच घडतं, पण सही करण्यापूर्वी नीट विचारून घ्या.

आता बहुतेक गाठी नाकातूनच, एंडोस्कोपने म्हणजे दुर्बिणीने काढतात. मूळ नाकाच्या मागच्या हाडात रुतलेलं असतं. तिथलं हाड ड्रिलने साफ केलं नाही तर गाठ परत येते. मुलाच्या रक्ताशी जुळवलेलं रक्त तयार ठेवावं लागतं, तेव्हा धडधाकट रक्तदाते सोबत असलेले बरे. गोव्याच्या रहिवाशांनी दीनदयाळ स्वास्थ्य सेवा या सरकारी आरोग्य विमा योजनेचं कार्ड न्यावं, मुदत आधी तपासून. सिंधुदुर्गातून येणाऱ्यांनी खर्चाचं आधीच विचारावं.

घरी आल्यावर नाक शिंकरणं बंद, सांगितल्याप्रमाणे मिठाच्या पाण्याने धुणं चालू. फुटबॉल डॉक्टर हो म्हणेपर्यंत नाही. उरलेली गाठ बहुधा पहिल्या दोन वर्षांत डोकं वर काढते, त्यामुळे रक्त थांबलं म्हणून ठरलेला एमआरआय चुकवू नका, आणि जाताना जुनी सीडी न्या.