तुम्ही विचारलंत म्हणून: देशासाठी कुठपर्यंत जायचं?

मी नागरिकशास्त्र शिकवते, त्यामुळे हा प्रश्न माझ्याकडे दरवर्षी येतोच. कधी विद्यार्थी विचारतात, कधी त्यांचे आईवडील. देशासाठी नागरिकाने किती करावं? कर भरला, मत दिलं, कायदा पाळला की भागलं? की वेळ आली तर जीवही द्यायला हवा?

माझं उत्तर असं आहे. देश तुमच्याकडे वेळ मागू शकतो, पैसा मागू शकतो, कष्ट मागू शकतो. खरंच संकट ओढवलं तर जीव धोक्यात घालायलाही सांगू शकतो. पण चांगलं काय नि वाईट काय हे ठरवण्याचं काम तो तुमच्याकडून काढून घेऊ शकत नाही, आणि कोणी मागितलं तरी आपण ते देऊ नये.

विचारणारे बहुतेक वेळा थेट बलिदानावर येतात. पण फार थोड्या लोकांवर तो प्रसंग येतो. बाकीच्यांच्या वाट्याला येतं ते साधं, कंटाळवाणं काम: साक्ष द्यायला कोर्टात पुन्हा पुन्हा जाणं, मतमोजणीला रात्रभर जागणं, अन्याय दिसला तर लेखी तक्रार करून तिच्याखाली स्वतःची सही करणं. यात मिरवण्यासारखं काही नाही, नुसते हेलपाटे आहेत. साक्षीचं नाव काढताच अंग काढून घेणाऱ्या माणसाच्या तोंडून बलिदानाच्या गोष्टी मला ऐकवत नाहीत.

सक्ती करावी का, हा पुढचा प्रश्न. इथे मला ऑस्ट्रेलियाचं उदाहरण मोलाचं वाटतं. पहिलं महायुद्ध ऐन भरात असताना तिथल्या सरकारने परदेशातल्या लढाईसाठी सक्तीची भरती करावी का, हे लोकांनाच विचारलं. १९१६ साली आणि पुन्हा १९१७ साली लोकांनी ‘नाही’ असा कौल दिला. म्हणून त्यांना देशाची फिकीर नव्हती असं कोण म्हणेल? पन्नास लाखांहून कमी वस्तीच्या त्या देशातून चार लाखांवर माणसं आपणहून सैन्यात गेली आणि जवळपास साठ हजार मेली. आपला जीव द्यायला तयार असणं वेगळं आणि दुसऱ्याच्या मुलाला जबरदस्तीने पाठवणं वेगळं, हे त्या मतदारांना नीट कळत होतं.

तरीही सक्ती सरसकट चूक आहे असं मी म्हणणार नाही. कायदा उघडपणे केलेला असावा, तो श्रीमंताला आणि गरिबाला सारखा लागू असावा, आणि ज्याचं मन शस्त्र उचलायला धजत नाही त्याला दुसरी वाट असावी. पश्चिम जर्मनीच्या १९४९च्या राज्यघटनेत चौथ्या कलमातच ही वाट ठेवली आहे: सदसद्विवेकाच्या विरुद्ध कोणालाही हाती शस्त्र घेऊन युद्धसेवा करायला लावता येत नाही. अशी मुलं मग रुग्णालयांत, वृद्धाश्रमांत, रुग्णवाहिकांवर काम करत. म्हाताऱ्या माणसाला उचलून कुशीवर वळवायचं, घास भरवायचा, अंथरूण बदलायचं. सुरुवातीला लोक त्यांना पळपुटे म्हणत. काही काळ तर त्यांची सेवा सैनिकी सेवेपेक्षा लांब होती. पुढे या मुलांवर संस्थांची इतकी भिस्त राहिली, की २०११ मध्ये सक्तीची भरती थांबली तेव्हा त्यांच्या जागी सर्व वयांच्या स्त्रीपुरुषांसाठी स्वयंसेवेची योजना सुरू करावी लागली. ती मुलं देशसेवा करत नव्हती असं मला कोणी पटवून देऊ शकणार नाही.

आता आज्ञापालनाबद्दल. जपानी अधिकारी हिरो ओनोदा १९४४च्या अखेरीस फिलिपिन्सच्या लुबांग बेटावर गेला. महायुद्ध संपलं तरी तो जंगलात लढतच राहिला. शरणागतीची पत्रकं त्याला शत्रूची चाल वाटली. मार्च १९७४ मध्ये त्याचा जुना वरिष्ठ स्वतः तिथे जाऊन आदेश मागे घेईपर्यंत त्याने शस्त्र खाली ठेवलं नाही. ही निष्ठा ऐकून विद्यार्थी भारावून जातात. मग मी सांगते, की त्या वर्षांत त्याच्या आणि त्याच्या सोबत्यांच्या हातून बेटावरची तीसेक माणसं मारली गेली. त्यांचं कुणाशीही युद्ध चाललेलं नव्हतं.

दुसरा माणूस ह्यू थॉम्पसन. १६ मार्च १९६८ रोजी व्हिएतनाममधल्या माय लाय गावात अमेरिकी सैनिक निःशस्त्र गावकऱ्यांना मारत सुटले होते. चोवीस वर्षांचा हा अमेरिकी वैमानिक टेहळणीच्या छोट्या हेलिकॉप्टरमधून ते पाहत होता. जखमींना मदत मिळावी म्हणून त्याने धुराच्या खुणा टाकल्या, तर त्याच जखमींना गोळ्या घातलेल्या त्याला वरून दिसल्या. मग एका निवाऱ्यात दडलेली काही माणसं आणि त्यांच्याकडे चाललेले सैनिक दिसले. त्याने हेलिकॉप्टर दोघांच्या मधोमध उतरवलं. कोलबर्न आणि आंद्रेओटा या आपल्या साथीदारांना सांगितलं, की सैनिकांनी या लोकांवर गोळी झाडली तर तुम्ही सैनिकांवर झाडा. स्वतः पुढे जाऊन त्याने त्या लोकांना बाहेर बोलावलं आणि दुसरी हेलिकॉप्टरं मागवून त्यांना तिथून हलवलं. नंतर प्रेतांनी भरलेल्या चरात आंद्रेओटा उतरला आणि एक जिवंत मूल बाहेर काढलं. तळावर परतताच थॉम्पसनने वरिष्ठांकडे तक्रार केली, आणि त्यानंतर हत्या थांबवण्याचा आदेश सुटला.

माझ्या मते त्या दिवशी त्या गावात अमेरिकेची सेवा करणारे हे तिघंच होते.

यावर हमखास विचारलं जातं, की प्रत्येकजण असा आपल्या मनाने वागू लागला तर सैन्य चालायचं कसं? प्रश्न रास्त आहे. त्यासाठी थॉम्पसन पुढे कसा वागला ते बघावं लागतं. तो पळाला नाही, लपला नाही. हेलिकॉप्टर कोसळून पाठीचा कणा मोडेपर्यंत उड्डाणं करत राहिला. चौकशीत साक्ष दिली आणि त्यापायी मायदेशात जिवे मारण्याच्या धमक्या सोसल्या. आंद्रेओटा त्या घटनेनंतर काही आठवड्यांतच लढाईत मारला गेला. तिघांना पदक मिळालं ते १९९८ मध्ये. आपली कातडी वाचवायला आदेश मोडणारा आणि दुसऱ्याचा जीव वाचवायला उघडपणे मोडून परिणाम भोगणारा, यांतला फरक ओळखणं एवढं अवघड नाही.

आईवडील शेवटी विचारतात, मग मुलाला सैन्यात जाऊ द्यावं का? त्याला जायचं असेल तर जरूर जाऊ द्या. फक्त त्याआधी ओनोदा आणि थॉम्पसन या दोघांबद्दल त्याला वाचायला सांगा, आणि त्या दोघांच्या जागी तो असता तर काय केलं असतं, हे घरात बसून त्याच्याशी बोला.