बिल्ल्याचा आवाज

मागच्या मे महिन्यातली गोष्ट. जळगावात पारा चव्वेचाळीसच्या वर गेला होता आणि दुपारी बारा ते चार मी माझ्या गिटारदुरुस्तीच्या दुकानाचं शटर अर्धं ओढूनच काम करत होतो. चोपड्याहून बाप-लेक आले. मुलगा लग्नाच्या ऑर्केस्ट्रात गिटार वाजवतो, वडिलांचं सराफीचं दुकान. मुलाने गिटारची केस टेबलावर ठेवली ती दोन्ही हातांनी, अगदी जपून.

उघडल्यावर मीही क्षणभर बघतच राहिलो. पांढऱ्या रंगाची परदेशी बनावटीची गिटार, हेडस्टॉकही, म्हणजे तार ताणायच्या खुंट्या असतात तो वरचा भागही, पांढरा. आठ-नऊ वर्षांत लॅकर साईसारखं पिवळसर झालेलं. मुलाने ती सेकंडहँड घेतली होती, तरी किंमत मोटारसायकलच्या वर. हेडस्टॉकवर दोन रुपयांच्या नाण्याएवढा ढालीच्या आकाराचा धातूचा बिल्ला. त्याच कंपनीच्या स्वस्त मॉडेलचा आकार हुबेहूब असाच, फक्त त्यावर हा बिल्ला नसतो.

"दादा, एक तार झणझण करून राहिली. चार महिने झाले," मुलगा म्हणाला. "अ‍ॅम्प मोठा केला की ऐकू येत नाही, पण घरी रियाजाला बसलो की डोकं उठतं."

एका मोठ्या शहरातल्या वर्कशॉपमध्ये तो आधी जाऊन आला होता. त्यांनी फ्रेट, म्हणजे दांडीवरच्या धातूच्या आडव्या सळ्या, घासून लेव्हल केले, नट, म्हणजे दांडीच्या टोकाला तारा टेकतात तो खाचांचा तुकडा, बदलला, भरपूर पैसे घेतले. झणझण तशीच. मी फ्रेटवर पट्टी ठेवून पाहिली आणि मला खरंच राग आला. फ्रेट काही कितीही वेळा घासता येत नाहीत. प्रत्येक लेव्हलिंगला त्यांची उंची कमी होते आणि शेवटी सगळे उपटून नवे ठोकावे लागतात. या गिटारचं निम्मं आयुष्य विनाकारण कानशीखाली गेलं होतं.

मी अ‍ॅम्प लावलाच नाही. पंखा बंद केला, कूलर बंद केला. एकेक तार, एकेक फ्रेट वाजवत गेलो. तिसऱ्या तारेच्या दुसऱ्या फ्रेटवर झणझण आली. चौथ्या तारेच्या सातव्या फ्रेटवर आली. पाचव्या तारेच्या बाराव्या फ्रेटवरही आली. तिन्ही जागी स्वर एकच, 220 हर्ट्झचा ए. इथेच उलगडा झाला. फ्रेट उंच-सखल असेल तर आवाज त्या एका जागेपुरता येतो. जागा बदलली, तार बदलली आणि स्वर तोच राहून आवाज येतोय, म्हणजे गिटारवरचीच कुठलीतरी सैल वस्तू त्या स्वरावर थरथरते आहे. भांड्यांच्या मांडणीवर एखादी वाटी ठराविक आवाजालाच वाजते, तसंच.

मग मुलाला वाजवायला लावलं आणि मी एकेक भाग बोटाने दाबत गेलो. ब्रिज, पिकअपच्या रिंगा, नॉब, पट्ट्याची बटणं, ट्रस रॉडचं झाकण, मशीन हेडचे स्क्रू. काही फरक नाही. वडील घाम पुसत स्टुलावर बसून होते, ते एकदम पुढे झुकले आणि बोट दाखवून म्हणाले, "आवाज तठेच शे, भाऊ." रोज कानाजवळ नाणं वाजवून पाहणाऱ्या माणसाचा तो कान. मी बिल्ल्यावर अंगठा दाबला. झणझण थांबली. उचलला, सुरू झाली.

पातळ पत्ती आत सरकवून बिल्ला अलगद सोडवला. मागे दोन बारीक खिळे, बाकी सगळा भार दुहेरी चिकटपट्टीवर. लग्नसराईत ही गिटार शहाद्याला, शिरपूरला, यावलला गाडीच्या डिकीत फिरलेली. दिवसा डिकीत भट्टी, रात्री कूलरचा ओलावा. चिकटपट्टी कडक होऊन सुटली आणि एका खिळ्याचं भोक लाकडात मोठं झालं होतं.

मी म्हटलं, हा परत लावू नका.

मुलाचा चेहरा पडला. "दादा, मग कळेल कसं? सुपारी ठरवायला येणारा आधी गिटारकडे पाहतो. बिल्ला नसला तर तो म्हणेल, साधीच आहे."

त्याचं म्हणणं मी हसण्यावारी नेलं नाही. खानदेशात लग्नाच्या स्टेजवर वादकाचा भाव पोशाखावर, वाद्याच्या झगमगाटावर ठरतो, हे मी वीस वर्षं पाहतोय. महागाच्या वस्तूने आपली ओळख सांगावी, यालाही माझा विरोध नाही. पण ती ओळख लाकडात बसवलेली असावी, वरून चिकटवलेली नसावी. गिब्सन कंपनीच्या लेस पॉल कस्टम गिटारच्या हेडस्टॉकवर 1954 पासून दुभंगलेल्या हिऱ्याची नक्षी आहे, ती शिंपल्याची, लाकूड कोरून आत बसवलेली. पॉल रीड स्मिथ या गिटार बनवणाऱ्याच्या फिंगरबोर्डवरचे, म्हणजे बोटं फिरतात त्या पट्टीवरचे, पक्षी तसेच. त्याच्या आईला पक्षीनिरीक्षणाचा नाद होता, तिच्या पुस्तकातून ते आले. आणि फेंडर कंपनीची 1954 ची पहिली स्ट्रॅटोकास्टर गिटार पाहा, हेडस्टॉकवर फक्त पाण्याने चिकटवायचं पातळ डेकल. ना वजन, ना खडखड. यातलं काहीच तारेच्या आवाजात ढवळाढवळ करत नाही. वाद्यावर लावलेली प्रत्येक सुटी वस्तू ही आवाजात घुसू पाहणारी वस्तू आहे. धातूचा तुकडा वाजत नाही तोवर शोभा. वाजला की बिघाड. कारखान्यात बसून त्याला चिकटपट्टी लावणाऱ्याने हा विचार करायला हवा होता.

मी वडिलांना विचारलं, "काका, तुमच्या अंगठीवर 916 कुठे असतं?"

त्यांनी बोटातली अंगठी काढून आतली बाजू उजेडाकडे धरली. बीआयएस हॉलमार्कची त्रिकोणी खूण, बावीस कॅरेटचा 916 आणि एचयूआयडी या ओळख क्रमांकाची सहा अक्षरं, भिंगाशिवाय दिसणारही नाहीत एवढी. मग मुलाकडे वळून म्हणाले, "गिऱ्हाईक आधी घडण पाहतं बेटा. ठसा तो घरी जाऊन पाहतो."

मुलगा बराच वेळ गप्प होता. मी तोवर खिळ्यांची भोकं बारीक काड्या आणि सरस घालून भरली, नट थोडा उतरवला, उन्हाने कोरडा पडलेला फिंगरबोर्ड लिंबाच्या तेलाने पुसला. तार जुळवून गिटार त्याच्या हातात दिली. त्याने तोच ए वाजवला. तिसऱ्या तारेवर, चौथ्या तारेवर, पाचव्या तारेवर. मग डोळे मिटून अर्धा तास वाजवतच राहिला. पैसे मी फक्त तार आणि तेलाचे घेतले.

बिल्ल्याखालची जागा मात्र पांढरीशुभ्र निघाली होती. सगळा हेडस्टॉक पिवळसर आणि मधोमध ढालीचा कोरा आकार. उजेड लागून तिचा रंग मिळायला वर्षं जातील. मी तिथे रंग मारू का विचारलं, तर मुलगा म्हणाला, "राहू द्या."

निघताना वडिलांनी खिशातून सराफीचा गुलाबी कागद काढला, बिल्ला त्यात नथीसारखा गुंडाळला, घडीवर घडी घातली आणि केसच्या खणात ठेवला.