आमची वाटचाल : 1200 रुपयांची रात्र

2011 साली सांगलीहून आमच्या सहलींची पहिली अठरा माणसं भूतानला गेली. सोबत दोन आचारी, दहा लिटरचा कुकर आणि माझ्या फायलीत मतदार ओळखपत्रांच्या झेरॉक्स. फुन्टशोलिंग या भूतानच्या सीमेवरच्या गावी लॉजवर रात्री फरशीवर बसून परमिटच्या फॉर्मांवर फोटो चिकटवत होतो. आधार चालत नाही, हे बुकिंग घेताना मी आजही तीनदा सांगतो. नव्याने धंद्यात आलात तर तुम्हीही सांगा, आणि लहान मुलांचा जन्मदाखला आधी मागवा.

पुढची काही वर्षं बरी गेली.

मग आमच्याच पेठेतल्या एका गृहस्थांनी ‘स्वस्तात भूतान’ सुरू केलं. पन्नास माणसांची बस, मुक्काम कमी, जेवण सीमेअलीकडे, भारतातल्या जयगावला उरकायचं. माझी निम्मी गिऱ्हाइकं तिकडे गेली. 1974 पासून गर्दी नको म्हणणारा तो देश. गोऱ्या पाहुण्याला तेव्हा हंगामात रोजचं किमान 250 डॉलरचं पॅकेज आणि आपल्याला सगळं माफ! त्या माफीचं आपण काय केलं? 2019 मध्ये दोचुला खिंडीत महाराष्ट्रातलाच एक बाइकस्वार चोर्तेनवर, म्हणजे तिथल्या पवित्र स्तूपावर, चढून उभा राहिला. त्यानंतर तिथल्या ड्रायव्हरपुढे मला मान वर करवेना.

2020 च्या सुरुवातीला तिथल्या संसदेने आपल्यालाही माणशी रात्री 1200 रुपये शाश्वत विकास शुल्क लावलं. मार्चमध्ये सीमाच बंद झाली. ॲडव्हान्स परत करता करता बायकोच्या पाटल्या गेल्या. एक निवृत्त मुख्याध्यापिका, आमच्या बाई, तेवढ्या म्हणाल्या, “माझे पैसे राहू देत. उघडलं की ने.”

23 सप्टेंबर 2022 ला उघडलं. त्या गृहस्थांनी जाहिरातीत शुल्क लिहिलंच नव्हतं, सीमेवर मागितलं. माझं एक जुनं गिऱ्हाईक तिथून फोनवर, “सहा रात्री, आम्ही दोघं, नऊ वर्षांचा मुलगा. अठरा हजार म्हणतात हो!” हिशोब बरोबर होता, मुलाला निम्मंच लागतं. पण तो आधी सांगायचा असतो. आमच्या पत्रकात ते शुल्क पहिल्या ओळीत असतं, ठळक.

बाईंना 1200 मी भीत भीतच सांगितले. पारोच्या वाटेवर त्यांनी ड्रायव्हरलाच विचारलं, हे पैसे जातात कुठे? तो म्हणाला, आईचं ऑपरेशन फुकट झालं, पोरगी सरकारी शाळेत फुकट शिकते, आणि हे जंगल निम्म्याहून जास्त राखायचं असं घटनेतच लिहिलंय. बाई माझ्याकडे वळल्या, “मग तू का रडत होतास रे?”

आता आमचे गट बारा-चौदांचेच. ते गृहस्थ हल्ली काशी-अयोध्या करतात. त्यांच्या दुकानावरच्या बोर्डावर पारोच्या कड्यावरच्या तक्त्सांग मठाचा फोटो मात्र अजून आहे. तो मी काढलेला आहे. खाली डाव्या कोपऱ्यात आमच्या आचाऱ्याची पिवळी कानटोपी दिसते.