परतीची गाडी आधी विचारा : एसटीनं कोल्हापूर आणि भोवतालची गावं

कोल्हापूरच्या मध्यवर्ती बसस्थानकावर चौकशीच्या खिडकीशी माझा पहिला प्रश्न परतीचा असतो. "खिद्रापूरहून कुरुंदवाडला शेवटची गाडी कितीला?" जायचं कसं, हे त्यानंतर. सकाळी जायला काही ना काही मिळतंच, संध्याकाळी निघायला मिळेलच असं नाही. स्वतःचं वाहन नसताना हा सगळा भाग मी असाच फिरत आलो आहे. परतीची वेळ कळली की तिच्यावरून उलटा हिशोब करून सकाळी कितीला निघायचं ते ठरतं.

सगळ्यात जास्त फसगत होते ती मुक्कामी गाडीनं. खेड्यात संध्याकाळी सात-साडेसातला येणारी शेवटची गाडी बहुधा मुक्कामाला असते. चालक आणि वाहक रात्री गावातच थांबतात आणि तीच गाडी पहाटे पहिली फेरी म्हणून निघते. गावात विचारलं तर "साडेसातला हाय की गाडी" असं उत्तर मिळतं आणि ते खरंही असतं. फक्त ती गाडी यायची असते, जायची नसते. म्हणून विचारायचं असं : "मुक्कामी सोडून शेवटची कुठली?" वाहतूक नियंत्रकाला हा शब्द ऐकला की तुम्हाला काय हवंय ते नेमकं कळतं.

दुसरी गोष्ट शाळेची. खेड्यांच्या बऱ्याच फेऱ्या शाळा-कॉलेजच्या वेळेवर बेतलेल्या असतात : सकाळी गावातून शहराकडे भरून येतात, दुपारनंतर उलट्या भरून जातात. तुम्ही सकाळी शहरातून गावाकडे जाता, त्यामुळे बसायला जागा मिळते. पण उन्हाळ्याच्या आणि दिवाळीच्या सुट्टीत, रविवारीसुद्धा, यातल्या काही फेऱ्या बंद असतात. तिसरी गोष्ट जादा गाड्यांची. आषाढीला पंढरपूरकडे, गणपतीत कोकणाकडे, चैत्र पौर्णिमेला जोतिबाच्या यात्रेला आगारातल्या गाड्या जातात, आणि कात्री लागते ती खेड्याच्या फेऱ्यांना. त्या आठवड्यात छापील वेळापत्रकावर विसंबू नका, आदल्या दिवशी स्थानकावर जाऊन विचारा.

शहरात एसटीची तीन स्थानकं आहेत, ही गोष्ट बाहेरच्यांना माहीत नसते. रेल्वे स्टेशनपासून चालत जाता येतं ते मध्यवर्ती, म्हणजे सीबीएस. पन्हाळा, जोतिबा, कुरुंदवाडसाठी हेच. गगनबावड्याकडे जायचं तर रंकाळा स्टँड, गारगोटीकडच्या बऱ्याच गाड्यांसाठी संभाजीनगर स्टँड. रिक्षावाल्याला नुसतं "स्टँड" म्हणू नका.

तिकिटाचं थोडक्यात. एसटीत महिलांना आणि ६५ ते ७५ वयाच्या ज्येष्ठांना अर्धं तिकीट, ७५च्या पुढे मोफत. ज्येष्ठांनी आधार कार्ड हाताशी ठेवावं. ही सवलत एसटीची आहे. शहरातली केएमटी महापालिकेची, तिथे ती धरून चालू नका, आणि कर्नाटकाच्या बसमध्ये तर मुळीच नाही. निपाणीकडे जाताना हा गोंधळ हमखास होतो, कारण त्या रस्त्यावर दोन्ही राज्यांच्या गाड्या धावतात. वाहकाच्या मशीनवर यूपीआय चालतं, पण रेंज गेली की अडतं. दहा-वीसच्या नोटा खिशात असू द्या.

शहर पायीच पाहावं. सीबीएसपासून व्हीनस कॉर्नर, दसरा चौक, बिंदू चौक आणि भवानी मंडप हे अंतर साधारण अर्ध्या तासाचं आहे. भवानी मंडपाच्या बाजूनं अंबाबाईच्या देवळात जा आणि पश्चिमेच्या महाद्वारातून बाहेर पडा, म्हणजे पुढे महाद्वार रोड, गुजरी, पापाची तिकटी आपोआप लागतात. तिथून रंकाळाही चालत गाठता येतो. ९, १०, ११ नोव्हेंबर आणि ३१ जानेवारी, १ आणि २ फेब्रुवारी हे किरणोत्सवाचे दिवस. मावळतीची किरणं महाद्वारातून आत येत देवीच्या मूर्तीपर्यंत पोहोचतात. त्या संध्याकाळी महाद्वार रोडवर रिक्षा मिळायची नाही, परतीचा अर्धा तास जास्त धरा. टाउन हॉलचं वस्तुसंग्रहालय सोमवारी बंद असतं. ते चुकवू नये असं मला मनापासून वाटतं. पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरी टेकडीवर १९४५-४६ साली उत्खनन झालं, तिथे सापडलेली समुद्रदेव पोसायडनची काशाची लहानशी मूर्ती इथे आहे. रोमशी व्यापार होता हे पुस्तकात वाचणं वेगळं, आणि पंचगंगेच्या काठावर निघालेली ती वीतभर मूर्ती समोर पाहणं वेगळं.

पन्हाळा वीसेक किलोमीटरवर. सकाळी आठच्या आत निघा. गाडी वाघबीळपाशी रत्नागिरीचा रस्ता सोडून वर चढते. हा फाटा लक्षात ठेवा. गडावरून थेट गाडी चुकली तर वडापनं, म्हणजे माणशी भाडं घेणाऱ्या खाजगी जीपनं, वाघबीळपर्यंत खाली उतरायचं, मलकापूर-बांबवड्याकडून येणाऱ्या गाड्या तिथून कोल्हापूरला जातात. गडावर वाहनाची गरजच नाही. चालायला चार-पाच तास लागतात. मी आधी पूर्वेची सज्जा कोठी पाहतो, मग अंबरखाना, आणि ऊन चढल्यावर पश्चिमेकडे तीन दरवाजा आणि अंधारबाव. अंधारबाव ही विहीर भर दुपारीही गार असते, म्हणून ती बारानंतरच्या वेळेला राखून ठेवायची. अंबरखान्याच्या तीन कोठारांतल्या गंगा कोठीत २५ हजार खंडी धान्य मावायचं. १६६०चा वेढा चार महिने चालला, तेवढा काळ गड तगला कसा, याचं उत्तर त्या दगडी कोठारात उभं राहिल्यावर मिळतं. दुपारी झुणका-भाकर, दही आणि ठेचा गडावर जागोजागी मिळतो. पन्हाळा आणि जोतिबा एकाच दिवसात करायचे तर रविवार टाळा. रविवार जोतिबाचा वार, त्या दिवशी गाडीत पाय ठेवायला जागा नसते.

नोव्हेंबर ते मार्च या काळात पन्हाळ्याच्या रस्त्याला केर्ली-वडणगे भागात उतरून एखादं गुऱ्हाळ जरूर पाहा. लांबून धूर आणि वाळत घातलेली चिपाडं दिसतात. आत जाण्याआधी विचारा, आणि काहिलीपासून, म्हणजे रस उकळायच्या मोठ्या कढईपासून, हातभर लांब, वाऱ्याच्या वरच्या अंगाला उभं राहा. उकळता रस उडतो आणि वाफ तोंडावर येते. रसात भेंडीच्या झाडाचा चिकट रस घालतात, त्यानं मळी वर येते आणि ती झाऱ्यानं काढून टाकतात. रस हिरवट करड्याचा पिवळा, मग तांबूस होत जातो. बुडबुडे मोठे आणि जड झाले की गुळव्या थोडा पाक पाण्यात टाकून बोटांनी गोळी वळून पाहतो. गोळी जमली की काहील उतरवायची. इथे क्षणाचाही उशीर चालत नाही, तेव्हा त्या वेळी कुणाला प्रश्न विचारू नका. याच दिवसांत उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर रस्ता अडवतात, प्रत्येक प्रवासाला पंधरा-वीस मिनिटं जास्त धरा.

खिद्रापूरला, म्हणजे तिथल्या कोपेश्वराच्या शिवमंदिराला, अख्खा दिवस हवा, आणि शक्य असेल तर नृसिंहवाडीला, म्हणजे वाडीला, मुक्काम करा. सकाळी साडेसहा-सातला कोल्हापूरहून कुरुंदवाडची गाडी धरायची, दोन तास धरून चाला. रेल्वेनं जयसिंगपूरला उतरून शिरोळमार्गे वाडीला येणं हा दुसरा पर्याय. वाडीपर्यंत बस आणि वडाप दोन्ही मिळतात. कुरुंदवाडला आगार आहे, तेव्हा उतरल्या उतरल्या परतीची वेळ पुन्हा विचारून घ्या, कोल्हापुरात सांगितलेली वेळ इथे बदललेली असू शकते. गाडीची पाटी नीट वाचा : सैनिक टाकळीची गाडी म्हणजे खिद्रापूरची नव्हे, तिथून पुढे काहीच न मिळता अडकायला होतं. खिद्रापुरात जेवणाची सोय गृहीत धरू नका, शिदोरी आणि दोन लिटर पाणी जवळ ठेवा.

कोपेश्वराच्या देवळात दोन तास तरी हवेत. समोर नंदी नाही, तो कृष्णेपलीकडे कर्नाटकातल्या यडूरला आहे असं गावात सांगतात. स्वर्गमंडपाच्या छताला मधोमध साधारण तेरा फुटांचा गोल झरोका आहे, त्याच्या बरोबर खाली तेवढीच गोल शिळा, आणि भोवती बारा खांबांचं कडं. मेच्या पहिल्या आठवड्यात दुपारी साडेबाराच्या सुमारास सूर्य इथे अगदी डोक्यावर येतो, तेव्हा उन्हाचं वर्तुळ त्या शिळेवर बसतं. डिसेंबरात तेच वर्तुळ उत्तरेकडे सरकून खांबांवर चढतं. म्हणून सकाळच्या गाडीनं येऊन साडेबारापर्यंत थांबायचं. आधी बाहेरच्या भिंतीवरचं शिल्प पाहून घ्या आणि झरोका शेवटी ठेवा. मग जवळचं जैन मंदिर, आणि दुपारच्या फेरीनं कुरुंदवाड.

कुरुंदवाडहून वाडी पंचगंगेच्या पुलापलीकडे. सामान हलकं असेल तर चालत जा. कृष्णा-पंचगंगेचा संगम, घाट, संध्याकाळची आरती, आणि घरी न्यायला कवठाची बर्फी. पौर्णिमेला आणि दत्तजयंतीला मात्र खोली आधी ठरवल्याशिवाय येऊ नका.

जुलै-ऑगस्टमध्ये हा शेवटचा टप्पा पूर्णपणे नदीच्या हातात असतो. पंचगंगेची पातळी राजाराम बंधाऱ्यावर मोजतात : ३९ फूट इशारा, ४३ फूट धोका. आकडा पस्तिशीच्या पुढे सरकत असेल तर मी शिरोळ तालुक्याचा, म्हणजे खिद्रापूर-वाडीचा, बेत रद्द करतो. जाताना रस्ता कोरडा असला तरी रात्रीतून पाणी येतं आणि परतीची फेरी बंद होते. "रेडेडोह फुटला" असं कानावर आलं, तर आंबेवाडीजवळ पन्हाळ्याच्या रस्त्यावर पाणी आलेलं असतं, पन्हाळाही त्या दिवशी सोडायचा.

आणि त्रिपुरी पौर्णिमा. त्या रात्री चंद्र झरोक्याच्या वर येतो तेव्हा खिद्रापूरला मोठी गर्दी होते, आणि तो वर येतो तो मध्यरात्रीच्या आसपास. त्या वेळी परतायला एसटी नाही. वाडीतून चार-पाच जणांनी मिळून संध्याकाळीच जीप ठरवायची, परतीचे पैसे आधी न देता निम्मे हातात ठेवायचे, आणि बरोबर एक चादर घ्यायची, कारण स्वर्गमंडपाचा दगड कार्तिकात रात्री फार गार पडतो.