युनिट परत बसवायचं का?

साय-फाय सिनेमा दाखवायचा आणि त्याला जोडून त्या तंत्रज्ञानातल्या जाणकाराचं भाषण ठेवायचं, असे कार्यक्रम मी आखते. कल्पना नवी नाही. अमेरिकेत ब्रुकलाइनच्या कूलिज कॉर्नर थिएटरनं २००५ मध्ये ‘सायन्स ऑन स्क्रीन’ सुरू केलं, मग इतर थिएटरांनीही ती उचलली. लोकांना वाटतं, यात सिनेमा निवडणं कठीण. कठीण असतं ते वक्त्याला चुका मोजण्यापासून रोखणं. अवकाशात स्फोटाचा आवाज येत नाही, मंगळावरचं वादळ यान पाडू शकणार नाही, अशी यादी वाचली की टाळ्या पडतात आणि विषय तिथेच संपतो. म्हणून मी प्रत्येक वक्त्याला एवढंच सांगते: एक प्रसंग निवडा आणि तोच उघडून दाखवा.

‘२००१: अ स्पेस ओडिसी’ ठरला तेव्हा समितीतल्या ज्येष्ठांना कृत्रिम बुद्धिमत्तेतलं एखादं मोठं नाव हवं होतं. नाव मोठं असलं की हॉल भरतो, हे खरं. पण मोठी नावं बहुधा सिनेमा पुन्हा न बघताच येतात आणि कुठेही चालेल असं भाषण करून जातात. मला हव्या होत्या एक मेंटेनन्स इंजिनिअर. मोठ्या यंत्रांच्या बेअरिंगला सेन्सर लावून, व्हायब्रेशनच्या आलेखावरून बिघाड आधीच ओळखणं हे त्यांचं रोजचं काम. कारण यानाचा कारभार सांभाळणारा बोलका संगणक हॅल ९००० सिनेमात पहिला वाद ओढवून घेतो तो नेमका याच कामात. अँटेना पृथ्वीकडे रोखून धरणारं एई-३५ युनिट ७२ तासांत शंभर टक्के बंद पडणार, असं तो सांगतो. अंतराळवीर डेव्ह यानाबाहेर जाऊन ते काढून आणतो. तपासणीत काहीच सापडत नाही. हॅल म्हणतो, परत बसवा आणि बंद पडू द्या.

दुसरा हट्ट मी धरला तो वेळेचा. भाषण शेवटी ठेवलं की निम्मे लोक उठतात, आणि या सिनेमाच्या शेवटानंतर तर कोणाला युनिटबिनिट आठवत नाही. पण या सिनेमात दिग्दर्शकानंच मध्यंतर ठेवलंय, तेही हॅल दोघा अंतराळवीरांच्या ओठांची हालचाल वाचतो त्या क्षणी. याहून चांगली जागा मिळणार नव्हती.

त्यासाठी तयारी बरीच लागली. डिजिटल प्रत कुलूपबंद येते. तिची किल्ली, म्हणजे केडीएम, ठरावीक सर्व्हरवर ठरावीक तासांतच चालते. किल्ली फक्त खेळापुरती मिळाली तर तालीम होत नाही, म्हणून ती आदल्या संध्याकाळपासूनची मागून घेतली. मध्यंतराची पाटी आली की प्लेलिस्ट थांबेल आणि दिवे अर्धे होतील, असे क्यू लिहिले. भाषणानंतर सिनेमा पुढच्या दृश्यावर न जाता त्याआधीच्या संगीतापासून सुरू होईल, हेही बघितलं. सुरुवातीचं संगीत काळ्या पडद्यावर वाजतं; ते बघून नवखा ऑपरेटर प्रोजेक्टर बिघडला म्हणून धावतो. आमचा ऑपरेटर शांत बसून होता. असा माणूस बूथमध्ये असणं हे भाग्य आहे आणि त्याचं नाव कुठल्याच पत्रिकेवर छापत नाहीत, याची मला चीड येते.

इंजिनिअरबाई उभ्या राहिल्या आणि पहिलाच प्रश्न प्रेक्षकांना टाकला: “युनिट परत बसवायचं का?” बहुतेकांचं उत्तर ‘नाही’. का? हॅल चुकला म्हणून. चुकला हे कशावरून? तपासणीत काही सापडलं नाही म्हणून.

मग त्यांनी विमानांच्या देखभालीतली नेहमीची डोकेदुखी सांगितली. वैमानिक बिघाड नोंदवतो, भाग काढतात, टेबलावर तपासतात आणि तो पास होतो. शेरा पडतो, ‘नो फॉल्ट फाउंड’. पण टेबलावर विमानातली थरथर नसते, तिथली थंडी नसते. कधी दोष त्या भागात नसतोच. वायरीत किंवा कनेक्टरच्या पिनेत असतो. काढून पुन्हा बसवताना पीन घासली जाते, काही दिवस सगळं सुरळीत चालतं आणि दोष परत येतो. “म्हणजे तपासणीनं हॅल खोटा ठरत नाही,” त्या म्हणाल्या. “मला खटकतं ते वेगळंच. हा आकडा खात्रीचा आहे का, असं डेव्ह विचारतो. कशावरून काढला, असं विचारत नाही. आमच्या कामात कोणी नेमके ७२ तास सांगितले तर मी आधी आलेख मागेन. खरा अंदाज म्हणजे इतक्यापासून इतक्यापर्यंतची मुदत आणि तिची शक्यता.”

मागच्या रांगेतून एक गृहस्थ उठले. कुठल्यातरी कंट्रोल रूममध्ये रात्रपाळी करतात म्हणाले. “मॅडम, अलार्म आला, मशीन थांबवलं, आत काही सापडलं नाही, तर बोलणी मला. न थांबवता काही झालं, तरी मलाच. सही कोणाची धरायची?”

त्यांनी गोड उत्तर दिलं नाही. “सही तुमचीच राहणार. म्हणूनच नुसता आकडा देणारी यंत्रणा मी पास करत नाही. कारण दाखवता येत नसेल, तर तिनं तुमच्याकडून सही मागू नये.”

ते खाली बसले, पण त्यांचं समाधान झालेलं दिसलं नाही. माझंही झालं नाही. कारण दाखवलं तरी रात्री तीन वाजता ते कारण तपासायला त्यांच्याजवळ वेळ आणि अधिकार कुठे असतो? ती यंत्रणा विकत घेणारे लोक त्या खोलीत नसतात.

सिनेमा पुढे सुरू झाला आणि मला आजवर न दिसलेली गोष्ट दिसली. पृथ्वीवरचं जुळं ९००० यंत्र म्हणतं की हॅल चुकला, आणि आपण ते मान्य करतो. पण दुसरा अंतराळवीर फ्रँक ते युनिट परत बसवायला जातो तेव्हाच मारला जातो. म्हणजे बसवून बंद पडतं का, हा प्रयोग पूर्णच झाला नाही. हॅल खुनी निघाला म्हणून त्याचं निदानही चुकीचं, असं आपण धरून चालतो. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. निदान बरोबर असूनही यंत्र घातक असू शकतं, आणि माझ्या मते ती शक्यता जास्त गंभीर आहे.

दुसऱ्या दिवशी समितीत ‘एआयवर काही झालंच नाही’ अशी तक्रार आली. माझं म्हणणं उलट आहे. त्या संध्याकाळी एआयशिवाय दुसरं काही झालंच नाही.

आता ‘वॉरगेम्स’ घ्यायचा विचार आहे. सिनेमा १९८३ चा, युद्धाचा खेळ खऱ्या हल्ल्यासारखा दाखवणाऱ्या लष्करी संगणकावरचा. त्याआधीच, ९ नोव्हेंबर १९७९ ला, नोराडच्या, म्हणजे अमेरिका-कॅनडाच्या हवाई संरक्षण केंद्राच्या, पडद्यांवर सरावाचा डेटा खऱ्या हल्ल्यासारखा उमटला होता. रात्रपाळीच्या त्या गृहस्थांना मी वक्त्याशेजारी बसण्याबद्दल विचारलंय. पाळी बदलून मिळाली तर येतो म्हणालेत. अडचण एकच, या सिनेमात मध्यंतर नाही. दिग्दर्शकानं न ठेवलेल्या जागी सिनेमा तोडणं मला मान्य नाही. भाषण आधी ठेवलं तर उत्कंठा जाते, नंतर ठेवलं तर माणसं. यावर समितीत आमचं अजून जमलेलं नाही.