मी विचारलं होतं, सांगितलं नव्हतं

आयसीयूत माझी रात्रपाळी होती. तीन नंबरच्या आजोबांचं रक्तातलं पोटॅशियम सकाळी 2.9, म्हणजे बरंच कमी आलं होतं, म्हणून दिवसभरात सेंट्रल लाइनमधून, म्हणजे मोठ्या शिरेत घातलेल्या नळीतून, दोनदा पोटॅशियम क्लोराइड दिलं गेलं होतं. रात्री अकराच्या राउंडला सरांनी तोच सकाळचा रिपोर्ट बघून आणखी 40 मिलिइक्विव्हॅलंट लिहिलं.

मी युरोबॅगपाशी, म्हणजे लघवीच्या पिशवीपाशी वाकले. सातला रिकामी केलेली पिशवी तळाशी जेमतेम ओली. चार तासांत 35 मिली, तीही गडद. किडन्या काम करेनाशा झाल्या की पोटॅशियमला बाहेर पडायला वाट राहत नाही. ते रक्तात साठत जातं आणि हृदय बंद पाडू शकतं.

"सर, लघवी जरा कमी वाटतेय का?"

"बघू," म्हणत सर पुढच्या बेडकडे वळले.

त्यांचा राग आला नाही. मी विचारलं होतं, सांगितलं काहीच नव्हतं. 2005 साली ब्रिटनमध्ये एलेन ब्रॉमिली यांना भूल दिल्यावर श्वासनलिकेत नळी जाईना. एका नर्सने गळ्यातून श्वासमार्ग उघडायचा संच आणला, तो तयार असल्याचंही सांगितलं. डॉक्टर नळीच घालत राहिले. एलेन वाचल्या नाहीत. ट्रेनिंगमध्ये हे ऐकल्यापासून ती नर्स माझ्या मनातून जात नाही.

सिरिंज भरून पंपावर चढली होती, बटण तेवढं दाबायचं बाकी. मी चार्ट उचलला आणि सरांसमोर जाऊन उभी राहिले. घशाला कोरड पडली होती.

"सर, मला तीन नंबरची काळजी वाटतेय. चार तासांत 35 मिली लघवी, दोन डोस आधीच गेलेत आणि रिपोर्ट सकाळचा आहे. आत्ता पोटॅशियम देणं धोक्याचं आहे. आधी एबीजी करून रक्तातलं आत्ताचं पोटॅशियम बघू या, तोवर मी हे सुरू करणार नाही."

"सिस्टर, ऑर्डर लिहिलीय ना मी?"

"हो सर. पण पेशंटला धोका आहे. आधी एबीजी."

आवाज कापत होता, शब्द मात्र मी बदलले नाहीत. सर क्षणभर बघत राहिले, मग स्वतःच सॅम्पल घ्यायला निघाले.

मशीनमधून चिठ्ठी आली. पोटॅशियम 5.9, आता उलट जास्त. सरांनी ऑर्डरवर आडवी रेघ मारून सही केली, ईसीजी काढायला सांगितला आणि किडनीच्या डॉक्टरांना फोन लावला. मी पंपावरची सिरिंज उतरवली.

माझ्या पहिल्या प्रश्नापासून तोवर वीस मिनिटं गेली होती. तेवढ्या वेळात दुसरी कुणी सिस्टर मदत म्हणून तिथे आली असती, तर तिने ते बटण सहज दाबलं असतं.