न्यूयॉर्कच्या जुन्या घरातली वाफ

बाहेर पारा शून्याखाली, आणि आम्ही बेडरूमची खिडकी वीतभर उघडी ठेवून झोपतो. घरी सांगितलं की लगेच प्रश्न येतो, "मग हीटर कमी का करत नाही?" कारण तो आमच्या हातात नाही. जॅक्सन हाइट्समधली आमची इमारत १९२०च्या दशकातली. तळघरात एकच बॉयलर, आणि वाफ कधी सोडायची ते खालीच ठरतं.

बॉयलर एवढा तापट का, याचं जाणकार एक कारण सांगतात. १९१८च्या इन्फ्लुएन्झाच्या साथीनंतर बंद खोलीतल्या हवेची धास्ती बसली होती. त्यामुळे ऐन थंडीत खिडक्या उघड्या ठेवूनही घर उबदार राहावं, अशा हिशेबाने या यंत्रणा बसवल्या गेल्या. खिडक्या आता चांगल्या बसतात, बॉयलर मात्र त्याच मापाचे राहिले.

उकाडा सोसवतो, ठोके सोसवत नाहीत. आमच्या रेडिएटरला, म्हणजे वाफेने तापून खोली गरम करणाऱ्या लोखंडी सांगाड्याला, एकच पाइप आहे. वाफ त्यातूनच वर येते आणि तिचं पाणी झालं की तेही त्याच पाइपाने खाली उतरतं. म्हणून चावी एक तर पूर्ण उघडी हवी, नाहीतर पूर्ण बंद. अर्धवट ठेवली की पाणी आतच साचतं, वाफ त्यावर आदळते आणि लोखंड दणाणतं. आमची चावी पूर्ण उघडी होती, तरी पहाटे साडेपाचला असे ठोके पडायचे की लेक दचकून उठायची. मालकाच्या ऑफिसातून उत्तर आलं, "जुनी इमारत आहे, पाइप वाजणारच." हे मला अजून झोंबतं. जुनी वस्तू नीट ठेवली तर मुकाट काम करते, आणि भाडं काही जुन्या दराने घेत नाहीत.

शेवटी सुपर आला. सुपर म्हणजे इमारतीची देखभाल करणारा, इथेच राहणारा माणूस. त्याने रेडिएटरवर पाणसळ ठेवली. बुडबुडा चावीकडे सरकला. म्हणजे चावीची बाजू उंच झालेली आणि पाणी पलीकडच्या टोकाला तुंबलेलं. त्याने पहारीने ते टोक जरासं उचललं आणि पायांखाली दोन लाकडी पाचरी सरकवल्या. मोरीच्या फरशीला गवंडी देतो तसा ढाळ मिळाला, आणि दुसऱ्या दिवशी पहाट शांत गेली. मी सांगितलं नव्हतं, तरी हॉलमधला रेडिएटरही त्याने तपासला. त्याचा एअर व्हेंट रंगाच्या थरांनी बुजला होता. आतली हवा बाहेर पडेना, म्हणून वाफ आत शिरेना आणि तो अर्धा गारच राहायचा. तो व्हेंटही त्याने बदलून दिला.

"अमेरिकेत राहून असल्या घरात?" हेही ऐकावं लागतं. नव्या इमारतीत जाता येईल, पण मग सबवे दूर, ७४व्या स्ट्रीटचा बाजार दूर, आणि एवढ्या जाड भिंती मिळायच्या नाहीत. शिवाय या शहराचा कायदा भाडेकरूच्या बाजूने उभा राहतो. १ ऑक्टोबर ते ३१ मे या काळात दिवसा बाहेर ५५ अंश फॅरनहाइटच्या, म्हणजे सुमारे १३ सेल्सिअसच्या खाली गेलं, तर घरात किमान ६८, म्हणजे २० सेल्सिअस हवंच. रात्री १० ते सकाळी ६ किमान ६२, बाहेर काहीही असो. गरम पाणी बारा महिने. नाही मिळालं तर ३११ला, म्हणजे शहराच्या तक्रारींच्या नंबरला, फोन करायचा. पुण्यात भाड्याने राहताना पाणी आलं नाही की मालक सोसायटीकडे बोट दाखवायचा आणि सोसायटी महापालिकेकडे. तिथे प्लंबर तासाभरात यायचा हे खरं, पण दाद कुणाकडे मागायची ते कधी कळलं नाही.

ज्यांची मुलं इकडे शिकायला येणार आहेत त्यांच्यासाठी: ऑगस्टमध्ये घर बघताना रेडिएटर गारच असतो, तेव्हा चावीखालच्या फरशीवर गंजाचे डाग आहेत का ते बघा. वरच्या भिंतीला पोपडे असतील तर व्हेंटमधून वाफ गळते. नळ सोडल्यावर आधी तांबूस पाणी आलं आणि धार बारीक असली, तर पाइप आतून गंजलेत. आणि शेजाऱ्यांना जानेवारीतल्या पहाटेबद्दल विचारल्याशिवाय सही करू नका.